एका छपरापासून सुरुवात करा : गोव्यातल्या वाड्यासाठी पावसाच्या पाण्याची सामाईक टाकी

2019 सालच्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मोठी जलवाहिनी फुटली आणि पणजीसह तिसवाडी व फोंडा तालुक्यांतल्या कितीतरी घरांचे नळ अनेक दिवस कोरडे राहिले. दिवस भर पावसाळ्याचे होते. माणसे टँकरची वाट बघत होती आणि त्यांच्याच छपरांवरून पाणी धो धो गटारात जात होते. गोव्यातल्या पाणीटंचाईचे खरे रूप इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते.

आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाळपई, सांगेसारख्या घाटाकडच्या भागांत तो याहून बराच जास्त असतो. यातला निम्म्याहून अधिक पाऊस जून आणि जुलै या दोनच महिन्यांत उरकतो आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर आभाळ जवळजवळ मिटते. खालची जमीन जांभ्याची. जांभा पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडून देतो. जुलैत काठोकाठ भरलेल्या विहिरीचे पाणी दिवाळीपासून उतरू लागते, शिमग्यापर्यंत तळ दिसतो आणि एप्रिल-मेत पुन्हा टँकर. ऑगस्ट 2022 मध्ये गोवा देशातले पहिले ‘हर घर जल’ प्रमाणित राज्य झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नळ घरात असणे वेगळे आणि मे महिन्यात त्या नळाला रोज पाणी असणे वेगळे.

पाऊस भरपूर आहे, तो मेपर्यंत पोचवायचा कसा एवढाच आपला प्रश्न आहे. पुढे जी पद्धत सांगतो ती पंधरावीस घरांच्या वाड्यासाठी, शाळेसाठी किंवा छोट्या वसाहतीसाठी आहे. या कामात अगदी नवे असणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे, त्यामुळे जाणकारांनी काही परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

एक अट मात्र पहिल्यापासून पाळा. ही टाकी फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी आहे. आंघोळ, कपडे, गुरे, माड यांसाठी विहीर आहे, नळ आहे, नाला आहे. सगळ्याच गरजा एका टाकीवर टाकल्या की टाकी एवढी मोठी होते की ती कधीच बांधली जात नाही, किंवा बांधली तरी फेब्रुवारीतच रिकामी होते.

आधी कागदावर हिशेब

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वळचणीसकट छपराखाली जमिनीवर जेवढी जागा येते तिची लांबी-रुंदी मोजा. पाख्याचा उतार मोजायचा नाही. शाळेचे छप्पर 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ 96 चौरस मीटर. त्याला 3000 ने गुणा, आणि उडून, झिरपून, सांडून जाणाऱ्या पाण्याची वजावट म्हणून 0.8 ने गुणा. उत्तर येते सुमारे 2 लाख 30 हजार लिटर. हे एका साध्या प्राथमिक शाळेचे छप्पर आहे.

आता गरज. पिणे आणि स्वयंपाक धरून माणशी रोज 5 लिटर पुरतात. वाड्यात 20 घरे आणि 90 माणसे असतील तर रोजचे 450 लिटर. ओढाताणीचे दिवस साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे 100 दिवस. 450 गुणिले 100, झाले 45 हजार लिटर. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर पाण्याच्या खोलीची टाकी 48 हजार लिटर घेते. तळाचे 15 सेंटिमीटर पाणी गाळासाठी सोडले तरी 45 हजार 600 लिटर वापरायला उरतात. तुमच्या वाड्याचे आकडे घालून हाच हिशेब करा. टाकी ऑक्टोबरपासून वापरायची असेल तर दिवस 240 धरा आणि आकडा कसा फुगतो ते पाहा. पहिल्या वर्षी 100 दिवसांचेच ध्येय ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. छप्पर देते सव्वादोन लाख लिटर आणि टाकी घेते जेमतेम 48 हजार. पावसाने ओढ दिली तरी टाकी भरणार याची खात्री इथूनच मिळते. उरलेल्या पावणेदोन लाख लिटरचे काय करायचे ते पुढे येईलच.

कोणते छप्पर घ्यावे

गावातून एक फेरी मारा आणि वर बघत चाला. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, पंचायत घर, देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या मुक्कामाची इमारत), समाजगृह, चॅपलच्या बाजूचे सभागृह ही सगळी मोठी आणि सर्वांच्या मालकीची छपरे. खाजगी घराच्या छपरापेक्षा असे छप्पर बरे, कारण उद्या भाऊबंदकीत वाटणी झाली तरी टाकीचे पाणी तुटत नाही.

मंगळुरी कौले चांगली, फक्त शेवाळ धरलेली नकोत. स्लॅबवर घातलेले रंगीत लोखंडी पत्रे तर उत्तम, कारण ते पावसाच्या एका सरीत धुऊन निघतात. उघडी स्लॅब चालते, पण तिच्यावर कपडे वाळत घालणे, मिरच्या पसरणे, कुत्रे पाळणे बंद व्हायला हवे. सिमेंटचे जुने अ‍ॅस्बेस्टॉस पत्रे पिण्याच्या पाण्यासाठी टाळाच. ते कापताना आणि भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. काही देवळांच्या छपरांना तांब्याचे पत्रे असतात. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने ते तांबे विरघळवते, म्हणून देवळाची अग्रशाळा घ्या, तांब्याचा पत्रा घेऊ नका. शिसे असलेला जुना रंग लावलेले छप्परही नको.

आजूबाजूला काय आहे हेही बघा. छपरावर आंब्या-फणसाच्या फांद्या आल्या असतील तर त्या छाटाव्या लागतील. फांदीवर वटवाघळे आणि कावळे, छपरावर माकडे, आणि सगळ्यांची घाण पन्हळीत. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणपट्ट्यात खनिज वाहतुकीच्या रस्त्याला लागून असलेली छपरे तांबडी झालेली असतात. वास्कोत कोळशाच्या धुळीचा प्रश्न आहे. अशा ठिकाणचे छप्परपाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा, बागेला वापरा, पण पिण्यासाठी रस्त्यापासून आत असलेले दुसरे छप्पर शोधा.

माणसे जोडणे

पाइप जोडण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. ‘नळ आहे ना, मग हे कशाला?’ हा पहिला प्रश्न असतो. त्यावर वाद घालू नका. मागच्या एप्रिल-मेत किती दिवस नळ आला नाही आणि घराने टँकरला किंवा वीस लिटरच्या जारला किती पैसे मोजले, हे प्रत्येक घरी जाऊन वहीत लिहून आणा. सगळ्यांचे मिळून जो आकडा होतो तो लोकांनी स्वतःच सांगितलेला असतो, त्यामुळे तो कोणी नाकारत नाही.

दुसरी शंका आरोग्याची. पावसाचे पाणी प्यायले की सर्दी-खोकला होतो, असे घरातली मोठी माणसे मनापासून मानतात. त्यांना हसू नका. छपरावरून थेट भांड्यात घेतलेले पहिले पाणी खरोखरच घाण असते, आणि त्यांचा अनुभव बहुधा तोच असतो. गाळून, निर्जंतुक करून, तपासून घेतलेले पाणी त्यांच्यासमोर ठेवा. चवीबद्दल आधीच सांगून ठेवा, कारण पावसाच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात आणि विहिरीच्या पाण्याची सवय असलेल्या जिभेला ते सपक लागते. डाळ मात्र त्यात लवकर शिजते, आणि ही गोष्ट बायकांच्या लक्षात आली की निम्मे काम झाले.

पटवून द्यायला आपल्याकडे एक तयार दाखला आहे. पावसाळ्यापूर्वी आपण पुरुमेंत भरतो, सुकी मासळी, मिरच्या, कोकम, तांदूळ, सगळे डब्यांत. पावसाळ्यात उन्हाळ्यासाठी पाण्याचे पुरुमेंत भरायचे, एवढे म्हटले की ऐंशीच्या आजीलाही पुढचे समजावावे लागत नाही.

मग विषय ग्रामसभेत न्या. जानेवारीची ग्रामसभा यासाठी योग्य, कारण मंजुरी मिळाली तर मार्च-एप्रिलमध्ये बांधकाम होऊ शकते. एप्रिलच्या सभेत मांडलेला विषय एक पावसाळा हमखास चुकवतो. सभेत भाषण नको. छपराचे क्षेत्रफळ, टाकीचे माप, जागा आणि जबाबदारी कोणाची, असा एका पानाचा कागद ठेवा आणि ठराव लिहून घ्या. जागा कोमुनिदादीची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर तिची लेखी परवानगी, अग्रशाळेचे छप्पर घ्यायचे असेल तर देवस्थानच्या महाजनांचा (हक्कदार सभासदांचा) ठराव, सरकारी शाळा असेल तर शिक्षण खात्याचे पत्र. तोंडी होकारावर एकही चिरा रचू नका. समिती बदलली, मुख्याध्यापक बदलले की तोंडी होकार हवेत जातो. सरकारी मदतीच्या योजनेसाठी जलस्रोत खात्याच्या कार्यालयात जा आणि काम सुरू करण्याआधी जा, कारण झालेल्या कामाला अनुदान मागणे कठीण असते.

समितीत पाच-सात माणसे पुरतात. निम्म्या बायका असू द्या, आणि त्यातली एक तरी स्वयंसाहाय्य गट चालवणारी असावी. तिला हिशेबाची वही ठेवायची सवय असते.

टाकी

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

चिऱ्यांची टाकी बांधून आतून गिलावा करण्याचा मोह होईल, कारण चिरा जवळ मिळतो आणि गवंड्याचा हात त्यावर बसलेला असतो. पण चिरा सच्छिद्र असतो, आणि गिलाव्याला केसाएवढी भेग पडली तरी पाणी झिरपून जाते. मोठ्या टाकीसाठी आरसीसी घ्या. दहा-पंधरा हजार लिटरच्या गोल टाक्यांसाठी फेरोसिमेंट (तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर) स्वस्त आणि टिकाऊ पडते. लहान शाळेला पाच हजार लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्याही चालतील, फक्त त्या काळ्या किंवा प्रकाश आत न जाणाऱ्या हव्यात. प्रकाश गेला की शेवाळ आलेच.

जमिनीखाली की वर? जमिनीखालचे पाणी थंड राहते आणि जागा अडत नाही. पण सखल भागात, शेताच्या किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) काठाला, पावसाळ्यात भूजल अगदी वर येते, आणि जमिनीखालची रिकामी टाकी त्या दाबाने चक्क वर उचलली जाऊ शकते. त्याशिवाय शेजारचे दूषित पाणी भेगांतून आत शिरते. सखल जागी टाकी जमिनीवरच बांधा. उंचवट्यावर, जांभ्याच्या सड्यावर अर्धी खाली आणि अर्धी वर अशी टाकी छान बसते. शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून निदान 15 मीटर दूर आणि त्याच्या चढाच्या बाजूला जागा घ्या.

बांधताना पुढच्या गोष्टी ठेकेदाराला कागदावर लिहून द्या, कारण सांगितलेले विसरले जाते:

- आत उतरायचे तोंड जमिनीपासून निदान एक फूट उंच, घट्ट झाकण आणि कुलूप.
- वापराची तोटी तळापासून 15 सेंटिमीटर वर, आणि गाळ काढायचा वेगळा पाइप अगदी तळाशी.
- पाणी आत आणणारा पाइप तळापर्यंत नेऊन शेवटी वरच्या दिशेने वळवलेला. यामुळे धारेने गाळ ढवळला जात नाही.
- सांडव्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड. आपल्या पावसात बारीक सांडवा म्हणजे झाकणातून उसळणारे पाणी.
- सांडवा, हवेचा पाइप, जिथे भोक आहे तिथे एक मिलिमीटरपेक्षा बारीक स्टीलची जाळी.

जाळीच्या बाबतीत तडजोड नाही. गोव्यात हिवताप पसरवणारा डास घरांवरच्या आणि बांधकामावरच्या टाक्यांतच वाढतो आणि डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून बाहेर पडून उडू लागतो. नायलॉनची जाळी उंदीर कुरतडतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून जाळी स्टीलचीच हवी.

नवी सिमेंटची टाकी आठवडाभर पाण्याने भरून ठेवा, मग ते पाणी झाडांना घाला आणि हे पुन्हा एकदा करा. कोऱ्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि ते पाणी जिभेला तुरट, हाताला बुळबुळीत लागते.

पन्हळीपासून टाकीपर्यंत

पन्हळ मोठी घ्या. पुस्तकांत दिलेली मापे बहुधा कमी पावसाच्या प्रदेशांसाठी असतात. आषाढातल्या एखाद्या जोरदार सरीत ताशी 100 मिलिमीटरचा वेग सहज गाठला जातो, आणि आपल्या 96 चौरस मीटरच्या छपरावरून तेव्हा सेकंदाला अडीच लिटरहून जास्त पाणी उतरते. दोन्ही पाख्यांना सहा इंची पीव्हीसी पन्हळ, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, आणि वाशांना दर दोन-अडीच फुटांवर ब्रॅकेट. ब्रॅकेट विरळ लावले की पहिल्या वादळात पन्हळ अंगणात सापडते. खाली उतरणारा पाइप 110 मिलिमीटरचा. पन्हळीतून पाइपात जाण्याच्या तोंडाशी पाने अडवणारी जाड जाळी बसवा आणि ती शिडी न लावता हाताने काढता येईल अशी ठेवा. शिडी लागणार असेल तर ती कोणी साफ करणार नाही.

आता या रचनेतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा भाग, पहिल्या सरीचे पाणी वेगळे काढण्याची सोय. सर सुरू झाली की पहिल्या काही मिनिटांत छपरावरची धूळ, विष्ठा, किडे, कुजकी पाने धुऊन खाली येतात. हे पाणी टाकीत जाता कामा नये. दर चौरस मीटरमागे एक लिटर असा सरळ हिशेब धरा. आपल्या छपराला सुमारे 100 लिटर. चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ लिटर मावतात, त्यामुळे नुसता उभा पाइप लावून भागत नाही. टाकीकडे जाणाऱ्या पाइपाच्या आधी टी जोडून खाली 100 लिटरचा बंद पिंप लावा. पहिले पाणी पिंपात पडते, पिंप भरला की पुढचे पाणी आपोआप टाकीकडे वळते. पिंपाच्या बुडाशी थेंब थेंब गळणारी बारीक तोटी ठेवा, म्हणजे दिवसभरात तो रिकामा होऊन पुढच्या सरीसाठी तयार राहतो. तोटीशेजारी मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्हही हवा, कारण तळाला साठलेला चिखल बारीक तोटीतून जात नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर हा पिंप लोकांसमोर उघडा. तांबूस काळे पाणी, त्यात मोहोराची कुजकी काडी, पिसे, माशीचे पंख, तळाला बोटभर मऊ चिखल, आणि नाकाला झोंबणारा वास. त्याच दिवशी तासाभराने टाकीत पडणारे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन शेजारी ठेवा. हे एकदा बघितलेला माणूस पिंपाची तोटी बंद राहू देत नाही.

पिंपानंतर गाळणी. दोन बाय दोन फुटांचा चौकोनी हौद, तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, वर धुतलेली जाड वाळू, आणि प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. वाळू नदीची घ्या, समुद्राची कदापि नको. वाळूचा थर फार जाड केला तर जोराच्या सरीत गाळणी तुंबून पाणी बाहेर सांडते, म्हणून फूटभर पुरे. आणि एक गैरसमज दूर करतो. ही गाळणी कचरा आणि गढूळपणा काढते, जंतू मारत नाही.

पहिला पावसाळा

वळवाचे पाऊस आणि मोसमी पावसाचे पहिले दोन-तीन दिवस पाइप टाकीकडून तोडून ठेवा आणि छपराला मनसोक्त धुऊन निघू द्या. इतका पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पहिल्या पाण्याचा लोभ धरायचे कारणच नाही. मग जोडणी करा. जुलैच्या आत टाकी भरलेली असेल.

पण हेच पाणी मेपर्यंत जपून ठेवायचे नाही. पावसाळाभर शाळेला, अंगणवाडीला, वाड्याला ते वापरू द्या, टाकी खालीवर होऊ द्या, लोकांना चवीची सवय लागू द्या. ऑगस्टच्या मध्यापासून मात्र भरायला लागा आणि सप्टेंबरच्या सरींवर काठोकाठ करा. तोपर्यंत छप्पर, पन्हळ, हवा, सगळेच धुऊन निघालेले असते, त्यामुळे वर्षातले सगळ्यात स्वच्छ पाणी तेच. ऑक्टोबरचे गडगडाटी पाऊस मधल्या कोरड्या दिवसांची धूळ घेऊन येतात. टाकी भरली असेल तर ते पाणी सोडून द्या. मग आत येणारा पाइप बंद करून टाकीला कुलूप घाला.

पाणी पिण्याजोगे करणे

टाकीतले पाणी स्वच्छ दिसते म्हणून तसेच प्यायला देऊ नका. पूर्ण टाकीत एकदम ब्लीचिंग पावडर टाकण्यातही अर्थ नाही, कारण क्लोरीन काही दिवसांत उडून जातो आणि फेब्रुवारीत त्याचा मागमूस नसतो. त्यापेक्षा वर एक हजार लिटरची वाटपाची टाकी ठेवा. मोठ्या टाकीतून तिच्यात दोन दिवसांचे पाणी चढवा आणि तेवढ्याच पाण्याला क्लोरीन द्या.

प्रमाण हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर 2.5 ग्रॅम. अंदाजाने चिमूट टाकू नका, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. पावडर थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, गाळ खाली बसू द्या, आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओता. निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबा. मग तोटीचे पाणी क्लोरीन तपासणीच्या संचात घेऊन रंग जुळवा. लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला की पाणी वाटायला मोकळे. काहीच उरला नसेल तर पावडर जुनी आहे किंवा पाण्यात घाण जास्त आहे. आधी पावडर बदलून बघा. डबा उघडा राहिला किंवा उन्हात ठेवला की ती निकामी होते, म्हणून लहान पाकिटे घ्या.

क्लोरीनचा वास ज्यांना चालत नाही त्यांनी घरी पाणी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरते.

तपासणी दोन पातळ्यांवर करा. महिन्यातून एकदा जंतूंची कुपी, जिच्यात पाणी भरून दोन दिवस ठेवले आणि रंग काळा झाला तर पाणी दूषित. ही शाळेतली मुलेसुद्धा करू शकतात आणि आवडीने करतात. वर्षातून दोनदा, टाकी बंद केल्यावर आणि मार्चमध्ये, सरकारी पाणी प्रयोगशाळेत नमुना द्या. अहवालात पाहायचे ते असे: 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य, सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता) 6.5 ते 8.5 आणि गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायच्या एककाच्या) आत. सामू कमी आला तर घाबरू नका. पावसाचे पाणी मुळातच आम्लाकडे झुकलेले असते आणि सिमेंटच्या टाकीत ते हळूहळू सावरते. अहवाल टाकीशेजारी काचेत लावा.

वाटप

रोज 450 लिटर, 20 घरे, म्हणजे घराला सुमारे 22 लिटर, दोन कळशा. सकाळी ठरलेल्या एका तासात तोटी उघडायची आणि बंद करायची. किल्ली दोघांकडे, म्हणजे चतुर्थीला किंवा लग्नाला एक गावाला गेला तरी अडत नाही. माणसे जास्त असलेल्या घराला जास्त पाणी द्यायचे की नाही, पाहुणे आले तर काय, लग्नकार्याला पाणी मिळेल का, हे सगळे टाकी उघडण्याआधी बैठकीत ठरवून फलकावर लिहा. माझ्या मते कार्याला या टाकीतले पाणी देऊ नये.

टाकीत उतरवायला रंगवलेली मोजपट्टी करा. आपल्या टाकीत पाण्याची एक सेंटिमीटर उंची म्हणजे 160 लिटर. रोजच्या 450 लिटरच्या वापराने पातळी आठवड्याला सुमारे 20 सेंटिमीटर उतरायला हवी. दर रविवारी मोजून फलकावर आकडा लिहा. 30 उतरली असेल तर कुठेतरी गळते आहे किंवा कोणीतरी जास्त घेते आहे, आणि तो आकडा सगळ्यांना दिसत असल्यामुळे बोट दाखवावे लागत नाही. घरामागे महिन्याला ठरावीक वर्गणी ठेवा. तीतून पावडर, जाळी, तपासणी आणि तोटी उघडणाऱ्याचे मानधन निघाले पाहिजे. फुकट देखभाल एक वर्ष चालते, दुसऱ्या वर्षी नाही.

सांडून जाणारे पावणेदोन लाख लिटर

हे पाणी जवळच्या सार्वजनिक विहिरीला द्या. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात 2008 पासून ‘मळप्पोलिमा’ या उपक्रमात छपराचे पाणी गाळून उघड्या विहिरींत सोडले जाते, आणि तिथली बरीचशी जमीन आपल्यासारखीच जांभ्याची आहे. सांडव्याचा पाइप थेट विहिरीत सोडू नका. तो वाळूच्या गाळणीतून जाऊ द्या, किंवा विहिरीपासून काही मीटरवर चढाच्या बाजूला शोषखड्डा करून त्यात सोडा. अंगणातले, गोठ्यातले, रस्त्यावरचे पाणी यात मिसळता कामा नये.

मात्र भरवसा बेताचाच ठेवा. जुलैत विहीर आधीच भरलेली असते आणि ओतलेले पाणी जांभ्यातून नाल्याकडे निघून जाते. उपयोग होतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पाण्याचा, आणि डोंगराच्या उतारावर चर खणून पाणी मुरवले तर जास्त. किनाऱ्यालगतच्या गावांत, जिथे उपसा वाढून विहिरी मचूळ होऊ लागल्या आहेत, तिथे हे काम अधिकच गरजेचे. नवी विहीर किंवा बोअर मारायचा विचार असेल तर 2002 च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली परवानगी लागते. जुन्या विहिरीच्या पुनर्भरणाला हात घालणे पुष्कळ सोपे आहे.

मे महिना

मेच्या पहिल्या आठवड्यात छपरावरची पाने काढा, फांद्या छाटा, पन्हळीचे जोड आणि ब्रॅकेट तपासा, गाळणीतली वाळू बाहेर काढून धुवा आणि उन्हात वाळवून परत भरा. जाळ्यांना भोक पडले आहे का ते बोट फिरवून बघा.

टाकी धुवायची घाई करू नका. मोसमी पाऊस गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण काही वर्षी तो लांबतो आणि रिकामी धुतलेली टाकी त्या दिवसांत कामाची नसते. पातळी तळाच्या गाळरेषेपाशी आली आणि हवामान खात्याने पाऊस केरळात पोचल्याचे जाहीर केले की मग तळाचा पाइप उघडा. झाकण उघडून टाकीला तासभर हवा लागू द्या, आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस सतत उभा ठेवा. पेट्रोलवर चालणारा पंप टाकीच्या तोंडाशी लावू नका, त्याचा धूर आत साठतो आणि आतल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. भिंती काथ्याने घासा, साबण नको. ब्लीचिंगच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा धुवा. भिंतीवर ओलसर डाग किंवा भेग दिसली तर खडूने खूण करून त्याच दिवशी गवंड्याला बोलवा, कारण गिलावा मुरायला निदान आठवडा लागतो आणि पाऊस तेवढा थांबेलच असे नाही.